सावली आखूड झाली की बसायचे

एप्रिल २०२४च्या अखेरची गोष्ट. रमजान ईद होऊन पंधरा-सोळा दिवस झाले होते. वार्षिक परीक्षा संपली होती आणि आमच्या शाळेतील आठवी-नववीच्या मुलामुलींची सहल रायगडाला निघाली होती. बेचाळीस मुले, त्यांत एकोणीस मुली, आणि आम्ही पाच शिक्षक. एकोणीस हा आकडा आम्ही विसरूच शकत नाही, कारण यांतल्या प्रत्येक मुलीसाठी आम्ही कुणाच्या तरी ओट्यावर बसून चहा घेतला होता. "मुलगे जातातच, मुलींना कशाला गडबिड?" असे म्हणणाऱ्या आजीची समजूत काढली होती. एका वडिलांना तर तीनदा भेटलो. शेवटी ते म्हणाले, "सर, तुमच्या भरवशावर पाठवतो. अमानत आहे."

बस सहाला सुटायची ती साडेसातला सुटली. कुणाचा डबा राहिला, कुणाची उलटीची गोळी राहिली. गड चढायला सुरुवात केली तेव्हा नऊ वाजून गेले होते. त्या दिवसांत हवामान खात्याने मुंबई, ठाणे आणि रायगडसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. आम्ही तो वाचला होता. वाचून काय केले, तर प्रत्येकाला टोपी आणि पाण्याची एक बाटली आणायला सांगितले. एवढ्यावर आमचे समाधान झाले.

चढ मजेत गेला. खुबलढा बुरूज, महादरवाजा, पुढे हत्ती तलाव, गंगासागर. बाजारपेठेच्या दगडी जोत्यांवर मुलींनी दुकान-दुकान खेळून घेतले. आमच्यातल्या इतिहासाच्या सरांनी महाराजांच्या राज्याभिषेकाची गोष्ट सांगितली. समाधीपाशी सगळी मुले गप्प उभी राहिली. बारा वाजून गेले. रोपवेला लांब रांग होती, तेव्हा पायऱ्यांनीच उतरायचे ठरले. खाली बसवाला खोळंबला होता आणि वाटेत पाचाडला जिजाऊंची समाधीही पाहायची होती. कार्यक्रम ठरलेला होता ना!

महादरवाजाच्या खाली उतरलो आणि नववीतील एक मुलगी पायरीवर बसली. आमच्यातल्या एका मॅडम तिच्याजवळ गेल्या तर तिने त्यांना "अम्मी" म्हणून हाक मारली. मुले हसली. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. ती उठली, दहा-बारा पायऱ्या भेलकांडत उतरली आणि पुन्हा बसली. या वेळी तिला आपण कुठे आहोत हेच सांगता येईना.

बाजूला ताक-सरबत विकणाऱ्या एका बाईंची झोपडी होती. त्या धावत आल्या. त्यांनी तिच्या डोळ्यांकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, "पाजत काय बसलाव? आधी वता पानी अंगावर!" आम्ही घुटमळलो. तिच्या अंगावर जाड काळा बुरखा, आत सलवार-कमीज, डोक्यावर घट्ट पिन लावलेला स्कार्फ. भोवती पुरुष, मुलगे, अनोळखी पर्यटक. बुरखा काढायचा की नाही, काढला तर घरचे काय म्हणतील, या विचारात आमची दोन-तीन मिनिटे गेली. आजही त्या मिनिटांची आम्हाला लाज वाटते. मग मॅडमनी आवाज दिला, मुलींनी चार ओढण्या धरून पडदा केला, आत बुरखा आणि स्कार्फ उतरवला आणि त्या बाईंनी झोपडीतला पाण्याचा पिंप जवळजवळ रिकामा केला. सरबताचा बर्फ फडक्यात बांधून मानेला, काखेत, जांघेत लावला. दोन मुली पुठ्ठ्यांनी वारा घालत राहिल्या. १०८ला फोन केला. ती नीट बोलू लागल्यावरच तिला खाली नेले.

तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "अंगावर पाणी ओतायला किती मिनिटांत सुरुवात केली?" ती कोणत्या शाळेची, कुणाची कोण, हे सगळे नंतर. दोन दिवस सलाईन, मूत्रपिंडाच्या तपासण्या. अल्लाहच्या कृपेने ती पूर्ण बरी झाली.

दुसऱ्या दिवशी कळले की तिचा रोजा होता. ईदनंतरच्या सहा शव्वालच्या रोजांपैकी तो चौथा. घरी अम्मीला माहीत होते. आम्हाला तिने सांगितले नव्हते, कारण सांगितले तर सर सहलीला नेणार नाहीत अशी तिला भीती होती. सेहरीनंतर पाण्याचा थेंब नाही आणि साडेबारापर्यंत गडाची चढउतार. हातातली बाटली तिने दिवसभर नुसती धरून ठेवली होती. आम्हाला वाटले, पितेय.

हे सारे इथे लिहायचे कारण, पुन्हा तोच मोसम येतो आहे. सुट्टी लागली की मुंबई-पुण्याचे आणि आखातातले नातेवाईक गावी येतात. मुले गडावर जातात, धबधब्याच्या कोरड्या वाटा चढतात, उन्हाळी शिबिरांत दोरीवरून उतरतात. डिसेंबर-जानेवारीत जावे हे सर्वांत शहाणपणाचे, आम्हीही ते सांगतो. पण सुट्टी मे महिन्यात असते आणि मुले मे महिन्यातच बाहेर पडतात. म्हणून ऊन म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू.

पारा किती, यावर आपण फार विसंबतो. "आपल्याकडे कुठे नागपूरसारखे पंचेचाळीस असते?" असे कोकणात सर्रास म्हटले जाते. हवामान खातेही ठिकाण पाहून हिशेब करते: सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंश, डोंगराळ भागात ३० आणि किनारपट्टीवर ३७ अंशांपर्यंत पोहोचले आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त असले, की उष्णतेची लाट मानतात. किनाऱ्याची मर्यादा कमी का? कारण आपले शरीर थंड होते ते घाम वाळल्याने. हवेत आधीच दमटपणा भरलेला असेल तर घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि आतली उष्णता आतच राहते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर दुपारच्या कार्यक्रमानंतर १४ माणसे उष्माघाताने गेली. तेव्हा पारा ३८च्या आसपास होता. ती माणसे गडही चढत नव्हती, बसलेली होती. शिवाय बातम्यांत सांगतात ते तापमान सावलीतल्या पेटीत मोजलेले असते. काळ्या कातळावर, उन्हाने तापलेल्या लोखंडी शिडीवर किंवा वारा न लागणाऱ्या घळीत त्याचा काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट सवयीची. उन्हात काम करायला शरीर शिकते, पण त्याला आठवडा ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. आमची मुले परीक्षेसाठी महिनाभर पंख्याखाली बसलेली होती. त्यांना उचलून एकदम गडावर नेले. गुरे राखणारा मुलगा त्याच उन्हात हसत फिरतो म्हणून आपला मुलगाही फिरेल, हा हिशेब चुकतो. दुबईहून आलेल्या चाचांचेही तसेच. तिथे ते गाडीतून मॉलमध्ये आणि मॉलमधून गाडीत असतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ती कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही लिहितो. मुली बाहेर पडल्या की पाणी पीत नाहीत. रोजा असो वा नसो. स्वच्छतागृह कुठे असेल, असेल की नाही, याची खात्री नसते, म्हणून सकाळपासून घसा कोरडा ठेवतात. तेव्हा सहल ठरवताना "पाणी भरपूर प्या" या सूचनेआधी स्वच्छतागृह कुठे-कुठे आहे ते मॅडमनी मुलींना सांगितले पाहिजे, आणि सोबत निदान दोन शिक्षिका पाहिजेत. आमच्या सहलीत एकच होत्या.

कपड्यांबद्दल आम्हाला पालक विचारतात. काळा बुरखा घातला म्हणून असे झाले का? १९८०मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक छोटासा अभ्यास आला होता. वाळवंटात बदू लोक काळे झगे का घालतात, हा त्याचा विषय. काळा झगा आणि पांढरा झगा घालून भर उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगाला लागणारी उष्णता सारखीच भरली. काळे कापड जास्त तापते हे खरे, पण झगा सैल असल्याने आत हवा खेळते आणि ती उष्णता अंगापर्यंत पोहोचण्याआधीच निघून जाते. म्हणजे मुद्दा सैलपणाचा आणि वाऱ्याचा. आपल्या मुली बाजारातला पॉलिस्टरचा अंगाबरोबरचा बुरखा घालतात, आत जीन्स किंवा अस्तराचा कमीज, वर पिनांनी आवळलेला स्कार्फ, आणि तेही कोकणच्या दमट हवेत. बदूंच्या झग्याशी त्याचा काय संबंध? पडदा पाळायचा असेल तर सुती, सैल, फिक्या रंगाचा अबाया आणि मऊ मलमलची ओढणी दोन्ही गोष्टी साधते. ओढणी मोठी असावी. भिजवून डोक्यावर घेता येते, आणि वेळ आली तर चार ओढण्यांचा पडदा होतो, हे आम्ही पाहिले आहे.

आता रोजा. फर्ज रोजाच्या बाबतीतही आजारी आणि प्रवासी यांना कुरआनमध्ये सवलत आहे. रोजा नंतर पुरा करायचा. जिवाची भीती वाटली तर रोजा सोडावा यावर उलेमांमध्ये वाद नाही. शव्वालचे रोजे तर नफ्ल. ते ठेवायला अख्खा महिना असतो, एक दिवस पुढे-मागे झाला तरी चालतो. सुरू केलेला नफ्ल रोजा मोडला तर हनफींकडे त्याची कजा करावी लागते, आणि कोकणात ज्यांची मोठी वस्ती आहे त्या शाफईंकडे तीही सक्ती नाही. अधिक आपल्या मौलानांना विचारावे. आम्हाला सांगायचे ते एवढेच: सहलीच्या सकाळी "आज कुणाचा रोजा आहे?" हा प्रश्न सर्वांसमोर विचारून उपयोग नाही. मुलगी असेल तर सांगणार नाही, आणि विचारण्यात तिची कुचंबणाही होते. आता आमच्या मॅडम आदल्या संध्याकाळी प्रत्येक मुलीच्या अम्मीला फोन करतात. रोजा असेल तर सहल चुकणार नाही, रोपवेने नेऊ, हेही सांगतात. शिक्षेची भीती नसली की खरे उत्तर मिळते.

पाण्याच्या हिशेबात वजूचाही विचार करावा. एक मुलगा गडावर पिण्याच्या बाटलीतून वजू करत होता. कौतुकाने पाहत राहिलो आणि उतरताना त्याची बाटली रिकामी. पिण्याचे पाणी कमी असेल तर तयम्मुम करण्याची परवानगी आहे, हे मुलांना शाळेतच शिकवायला हवे. गडावरची टाकी एप्रिलमध्ये एक तर कोरडी असतात किंवा त्यांतले पाणी पिण्याजोगे नसते. आम्ही आता माणशी तीन लिटर धरतो. दर वीस मिनिटांनी शिट्टी, शिट्टी झाली की सगळ्यांनी सावली पाहून बसायचे आणि एक पेला पाणी प्यायचे, तहान असो वा नसो. नुसतेच पाणी भडाभड प्यायले तर रक्तातले मीठ पातळ होते आणि त्यानेही चक्कर, उलटी, गोंधळ होतो. म्हणून मधून मिठाचे ताक, कोकम सरबत, पन्हे किंवा ओआरएस. पुडी नसली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. डब्यांतली रंगीत गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे, नावात काहीही लिहिलेले असो. खिशात कांदा ठेवण्याबद्दल विचाराल तर जरूर ठेवा, डब्याबरोबर खाता येईल.

आजार ओळखायची खूण एकच लक्षात ठेवावी, ती म्हणजे बोलणे. डोके दुखते, मळमळते, पायात गोळे येतात, अंग घामाने गार पडते, पण मूल नीट बोलते आहे, तर ती उन्हाची दमणूक. सावलीत आडवे करावे, पाय उंच ठेवावेत, घोट-घोट ताक किंवा ओआरएस द्यावे. त्या दिवसापुरते त्याचे चढणे संपले. मात्र मूल असंबद्ध बोलू लागले, चिडले, भेलकांडले, माणसे ओळखेना, तर तो उष्माघात. आत शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते. घाम थांबला की उष्माघात, असे पुष्कळांना वाटते. चालून-चढून होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते. आमच्या मुलीचे होते. काखेत थर्मामीटर लावून बसू नये, तो फसवतो. तापाची गोळी इथे काम करत नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. आणि लगेच, त्याच जागी, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, बर्फ असेल तर मानेला, काखेत आणि जांघेत. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाले तर मूल सहसा वाचते. आधी गार करायचे, मग गाडीत घालायचे. गाडी शोधण्यात, खाली उतरवण्यात तो अर्धा तास घालवला तर रुग्णालय कितीही चांगले असो, उशीर झालेला असतो.

या सगळ्यापेक्षा अवघड एक गोष्ट आहे, आणि ती पिशवीत घालून नेता येत नाही. परत फिरणे. आम्हाला इशारा माहीत होता, बस दीड तास उशिरा सुटली होती, नऊला चढू नये हे आमच्यातल्या दोघांच्या मनात आले होते. बोलले कुणीच नाही. मुलींना इतक्या मिनतवाऱ्या करून आणले होते. अर्ध्यातून परत नेले तर लोक काय म्हणतील, पैसे वाया गेले म्हणतील, असे वाटले. खरे तर उलटे होते. मुलांच्या सहलीत काही घडले तर पुढच्या वर्षी सहल पुन्हा निघते. मुलींच्या सहलीत घडले तर मोहल्ल्यात दहा वर्षे तिचे नाव निघत नाही.

२०२४च्याच जूनमध्ये हजच्या दिवसांत मक्केत मस्जिद-ए-हराममध्ये पारा ५१.८ अंशांवर गेला. सौदी सरकारने १,३०१ मृत्यू जाहीर केले आणि त्यांतले ८३ टक्के परवान्याविना आलेले होते, असे सांगितले. त्यांना ना तंबू, ना बस. दूरदूर उन्हात चालत राहिले. वाचताना आम्हाला आमचीच सहल आठवत होती. मुक्कामाची सोय नाही आणि थांबायची मुभा नाही, म्हणून माणसे चालत राहतात.

थांबण्याबद्दल एक हदीस आम्ही मुलांना सांगतो. हजरत अबू जर (रजि.) यांच्याकडून आलेली आहे आणि बुखारी शरीफमध्ये आहे. प्रवासात मुअज्जिन जुहरची अजान द्यायला उठले तर पैगंबर (स.) यांनी त्यांना उन्हाचा कडाका ओसरू देण्यास सांगितले. टेकड्यांच्या सावल्या दिसू लागेपर्यंत थांबवले. नमाजही जिथे उन्हासाठी मागे घेतली, तिथे आमच्या सहलीचा कार्यक्रम काय मोठा?

सावलीचे हे मोजमाप आम्ही उचलले. मुलांना सांगितले, सपाट जागी उभे राहा आणि आपली सावली पाहा. ती आपल्यापेक्षा लांब असेल तर चाला. आखूड झाली की बसा. सूर्य निम्म्याहून वर चढला की सावली उंचीपेक्षा लहान होते. एप्रिलच्या अखेरीस रायगडाच्या बाजूला ही वेळ साधारण साडेनऊ ते पावणेचार. घड्याळ लागत नाही, मोबाइल लागत नाही, आणि सर चुकले तर पाचवीतले मूलही त्यांना अडवू शकते. अर्थात चार वाजताही कातळ तापलेलाच असतो, म्हणून दुपारनंतर चढ आम्ही ठेवतच नाही. समुद्रावर गेलो तरी दुपारी मुलांना पाण्यापासून दूर ठेवतो. उकाड्याने कावलेली मुले तळे दिसो की खाडी, आत उडी घेतात, आणि उन्हापेक्षा लवकर पाणी गिळते.

पुढच्या वर्षीची सहल आम्ही पाचाडला आदल्या रात्री मुक्काम करून नेली. फजरची नमाज खाली पढलो आणि उजाडता उजाडता चढायला लागलो. तरी एक घोटाळा झालाच. दोन मुलांना उलट्या झाल्या, आम्ही वाटेत रखडलो, आणि महादरवाजाच्या थोडे खाली असताना एक आठवीतली मुलगी थांबून म्हणाली, "सर, माझी सावली माझ्याएवढीच आहे." आम्ही गंगासागर न पाहता उतरलो. मुलगे फुगले. एकजण बसमध्ये कुणाशी बोलला नाही. ताकवाल्या बाई मात्र ओळखून हसल्या, पैसे घेईनात.

ही आठवीतली मुलगी म्हणजे त्याच मुलीची धाकटी बहीण. तिची परवानगी मागायला आम्ही गेलो होतो तेव्हा पाय उचलत नव्हते. वडिलांनी बसवले, चहा आला. ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग संमतिपत्रक पुढे ओढून विचारले, "किती वाजता चढायला लागणार?" आम्ही म्हणालो, "साडेपाच-पावणेसहा." "आणि बसणार किती वाजता?" "साडेनऊला सावलीत असू." त्यांनी खिशातले पेन काढले, सहीच्या वर स्वतःच्या हाताने 'साडेनऊ' असे लिहिले आणि खाली सही केली.